टाळू खोल जाते तेव्हां

तान्ह्या मुलास जुलाब होऊं लागले आणि टाळू खोल गेली, कीं घरांत तेलाची वाटी पुढें येते. टाळू 'बसली' म्हणून ती भरावयाची व पोट बिघडलें म्हणून पाणी तोडावयाचें, हा परिपाठ आम्हीं सुशिक्षित घरांतही पाहिला आहे.

वस्तुतः टाळू बसणें हा निराळा रोग नव्हे. अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्याची ती खूण होय. तेल बाहेरच राहतें. पाणी पोटांत जावयास हवें. टाळू खोल गेलेल्या मुलाचीं इतर लक्षणें पाहावीं: खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, अश्रूंवांचून रडणें, सहा तास लघवी न होणें. पोटाची कातडी चिमटींत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत् झाली, तर धोका जाणावा. किरकिरणारें मूल एकाएकीं निपचित पडलें, तर 'आतां निजलें' असें समाधान मानूं नये; ती ग्लानि असूं शकते.

१९७१ सालीं बंगालच्या सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांत पटकी पसरली असतां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-क्षारांचें पाणी तोंडानें पाजविलें, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें. तेंच आज ओआरएसच्या पुडींत मिळतें. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच स्वच्छ पाण्यांत ती विरघळवून प्रत्येक जुलाबानंतर थोडें थोडें पाजावें. वांती झाल्यास दहा मिनिटें थांबून पुनः द्यावें. अंगावरचें दूध तोडूं नये. ग्लानि आली, पिणें थांबलें किंवा शौचांत रक्त दिसलें, तर तत्काळ डॉक्टर गांठावा.

घरांत वडीलधाऱ्या स्त्रियांचा शब्द चालतो. मुलाचें पाणी तोडूं नका, हा शब्द प्रथम त्यांनींच उच्चारावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.