चार्ज कोणी घ्यायचा?

बँकेत बदली झाली, की चार्ज दिल्याशिवाय अधिकाऱ्याची सुटका नसते. किल्ल्या, रोकड, अपुरी कामे सगळे मोजून दिले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. माणूस इस्पितळातून घरी येतो तेव्हा मात्र हाती इंग्रजी कागद आणि गोळ्यांची पिशवी पडते. चार्ज घ्यायला उभी असते घरची सून. तिला कोणी काही समजावलेले नसते.

गेल्या वर्षी आमच्या दादांना, माझ्या थोरल्या भावाला, अर्धांगवायू झाला. १८ दिवसांनी त्यांना आष्टीला आणले. ही आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली, बीडची नव्हे. मोठ्या शहरात पगारी आया मिळते. इथे घरचीच माणसे नर्स.

निघण्यापूर्वी मी वॉर्डातल्या सिस्टरांपुढे वही उघडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना बसवायचे आणि नंतरही अर्धा तास बसते ठेवायचे; आडवे पाजलेले पाणी फुप्फुसात उतरू शकते. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच लटकवायची. सिस्टरांनी हे सूनबाईंकडून आणि पुतण्याकडूनही करवून घेतले.

घरी हवेची गादी आणली, पण तिचा पंप विजेवर. लाइट गेली की गादी बसते. कूस हातानेच बदलावी लागते. पलंगाच्या पायांखाली विटा दिल्या, म्हणजे करणाऱ्याची कंबर धरत नाही. भिंतीवर पाळ्यांचा कागद लावला. रात्र पुतण्याची, संध्याकाळ माझी. त्यावर पुरुषांची नावे पाहून भेटायला आलेली मंडळी जरा चपापली.

खरा प्रश्न इथेच आहे. ‘आमच्याकडे घरचेच करतात’ असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा बहुधा एकाच बाईविषयी बोलत असतो. तिची झोप, तिचे शेतातले काम, तिचे माहेरी जाणे कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

केरळात कोझिकोडला १९९३ साली असाध्य दुखणेकऱ्यांच्या वेदना कमी करण्याचे काम सुरू झाले. पुढे शेजारपाजारची माणसे थोडे शिक्षण घेऊन अशा रुग्णांच्या घरी जाऊ लागली. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचे धोरणच केले. आपल्या गावांतही आशाताई आहेत, भजनी मंडळे आहेत, निवृत्त गुरुजी आहेत. आठवड्यातली एक दुपार शेजारघराने घेतली, तरी त्या बाईला चार तास निवांत झोप मिळेल. दुखणेकरी सांभाळायचा, तर आधी सांभाळणारी टिकली पाहिजे.