लाईट गेली तरी घड्याळ चालू

मराठवाड्यात उन्हाला काय तोटा, मग झाडाला दिवा कशाला? नांदेड-लातुरात कुणाच्या घरी एलईडीखाली वाढणारी मेथी दिसली की पाहुणा हमखास हेच विचारतो. उत्तर एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर मिळतं. पारा ४२ च्या पुढे गेला की कुंडीतली कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातुरात प्यायलाच पाणी नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे १२ एप्रिलला १० वॅगन घेऊन स्टेशनात पोचली. त्या वर्षी गच्च्या उजाड झाल्या. ज्यांना थोडं हिरवं राखायचंच होतं, त्यांनी कुंड्या घरात, झळांपासून लांब आणल्या. आत पाणी कमी लागतं, पण उजेडही कमी पडतो.

तोवर दिवा स्वस्त झाला होता. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१५ च्या जानेवारीत ‘उजाला’ योजना आली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब पुढे ३८ रुपयांवर उतरला आणि वीजबिल दाखवून लोकांनी तो घरी नेला. सुरुवातीला घरच्या कारागिरांना जांभळ्या उजेडाचं वेड होतं. ६६० नॅनोमीटरचे लाल आणि ४५० चे निळे असे ३ वॅटचे सुटे एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवायचे. मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर, त्यात पट्टीला हात लावला तर चटका बसे. एका माळेतला एक एलईडी उडाला की सगळी माळ विझे. पण पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप; पालेभाजीला लागणारं सगळं त्यात असतं. हे कळल्यावर जांभळं वेड ओसरलं. ९ वॅटचे ४ बल्ब रोज १४ तास लावले तरी वीज जेमतेम अर्धं युनिट जळते.

या वर्षांतलं सर्वांत मोलाचं काम मात्र घड्याळावर झालं, असं मला वाटतं. इथल्या शेतकऱ्याला ऑटोमेशन कुणी येऊन शिकवलेलं नाही. २००५ नंतरच्या लोडशेडिंगमध्ये शेताची थ्री-फेज लाईन पाळीने यायची, आणि रात्रपाळी आली की साप-विंचवाच्या अंधारात मोटार चालू करायला जावं लागे. म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसला. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. मग मिस कॉलवर चालणारे स्टार्टर आले. सगळ्या मोटारी एकाच क्षणी भार घेत, डीपी जळत. म्हणून ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. पण त्यातून मोटार भरून देणाऱ्यांच्या दुकानात रिले, कॉन्टॅक्टर, टायमर यांची भाषा रुळली. मी पाहिलेले झाडांचे पहिले आपोआप चालणारे दिवे याच हातांनी जोडलेले होते.

त्यात पहिल्यांदा वापरला तो तबकडीचा टायमर. भोवतीचे दाते वर-खाली करून वेळ लावायची, तबकडी विजेवर फिरणार. पुण्या-मुंबईत तो ठीक चालतो. इथे लाईट गेली की तबकडी थांबते आणि लाईट आली की जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालते. रोज ६ तास लाईट जाणाऱ्या गावात दुसऱ्या दिवशी दिवा ६ तास उशिरा लागतो, तिसऱ्या दिवशी १२, आणि चौथ्या दिवशी झाडाला मध्यरात्री सकाळ झालेली असते. पुढे आर्डिनो आलं, २०१४ नंतर ईएसपी८२६६ ही वायफायची स्वस्त चिप आली. ती इंटरनेटवरून वेळ घेते, म्हणजे प्रश्न मिटायला हवा होता. पण लाईट परत आल्यावर ही चिप राऊटरच्या आधी जागी होते, तिला वेळ सांगायला कुणीच नसतं. शेवटी टिकलं ते डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ. पाठीला नाण्याएवढा सेल; लाईट असो-नसो चालत राहतं आणि वर्षभरात मिनिटभराच्या वर सहसा चुकत नाही. माझ्या मते मराठवाड्यातल्या घरच्या दिव्याचा खरा प्राण हा सेल आहे.

वेळेचं एवढं कौतुक का, हे लातूरकराला सोयाबीनवरून पटावं. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी ते जवळपास एकाच सुमारास फुलावर आलं. दिवस लहान होत गेला की ते झाड फुलतं. १९२० मध्ये त्यांनी हे मांडलं. पुढे कळलं की झाड मोजतं ती अखंड रात्र. म्हणून रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वाळलं तरी हिरवंच राहतं. कोथिंबिरीचं उलटं: तिला १६ तास उजेड दिला तर पानं धरण्याऐवजी ती लवकर फुलावर जाते. घरात ती पानासाठी लावली असेल तर दिवा वेळेवर विझणंही तितकंच गरजेचं.

मोठ्या प्रमाणावर हे काम टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळांत आधीपासून चालू होतं. अर्धापूर भागात लागणारी जी-नाईन केळीची रोपं बाटलीत वाढतात, ती फळ्यांवर रोज साधारण १६ तासांच्या उजेडात. पूर्वी तिथे ट्यूबलाईट असत. चोक तापत, आणि ती उष्णता काढायला एसीचं बिल वाढे. एलईडीने दिव्यांचा आणि एसीचा, दोन्ही खर्च उतरवले.

आता दिवा शेतात निघाला आहे. ड्रॅगन फ्रूट पावसाळ्याच्या आगेमागे फुलतं. थंडीत रात्री काही तास बल्ब लावले की रात्र तुटते, झाडाला दिवस मोठा वाटतो आणि बिगरहंगामी फुलं येतात. महाराष्ट्रात वेलींच्या ओळींवर बल्बांच्या माळा दिसू लागल्या आहेत. दुसरीकडे दिवसा वीज ही शेतकऱ्याची जुनी, रास्त मागणी सौर वाहिन्या आणि सौर पंपांतून पुरी होऊ लागली आहे. पण सौर पंपाला बॅटरी नसते. मोटार दिवसा पाणी देईल. रात्रीच्या माळेसाठी शेतकऱ्याला वेगळी बॅटरी किंवा वेगळं कनेक्शन घ्यावं लागतं, आणि तो खर्च बिगरहंगामी फळाच्या भावातून निघतो का, हा हिशेब त्याला लागवडीआधीच मांडावा लागतो.