लेकीच्या पुस्तकातलं समीकरण

मैत्रिणींनो, परवा आमची धाकटी ओट्याशेजारी बसून “ई बरोबर एमसी वर्ग” असं घोकत होती. “म्हणजे काय गं?” विचारलं, तर म्हणते, “आई, पाठ केलं की मार्क मिळतात!” मला काही राहवेना. तुमच्याही घरी हे घोकलं जात असेल, तर पोळ्या झाल्यावर पाच मिनिटे बसा.

ई म्हणजे ऊर्जा, एम म्हणजे वस्तुमान आणि सी म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. त्या वेगाला त्यानेच गुणायचे, तो वर्ग. १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने दाखवून दिले, की वस्तुमान म्हणजे साठवलेली ऊर्जाच. बोहारणीशी आपण जुन्या साड्यांवर पातेल्याचा भाव ठरवतो ना, तसा हा अदलाबदलीचा भाव समजा. पण भाव केवढा! एक ग्रॅम वस्तुमान पुरते ऊर्जेत बदलले, तर अडीच कोटी युनिट होतील. महिन्याला शंभर युनिट लागणाऱ्या वीस हजार घरांची वर्षभराची वीज!

आम्ही सिरसाळ्याच्या, परळीचे औष्णिक वीजकेंद्र आमच्याच तालुक्यातले. तिथल्या कोळशालाही हाच नियम लागू. मात्र किलोभर कोळसा जळल्यावर राख, धूर, वायू सारे तोलले, आधीचा कोळसा आणि ज्वलनात खर्ची पडलेला प्राणवायू यांच्याशी ताडले, तर तूट येईल ग्रॅमच्या जेमतेम पन्नास लाखाव्या भागाची. कुठला तराजू ती दाखवणार?

अणूच्या गाभ्यात मात्र तूट मोठी असते. तिथला एक मोठा हिशेब एका बाईने जुळवला, हे किती जणींना ठाऊक आहे? तिचे नाव लिझे माइटनर. जन्म व्हिएन्नाचा, १८७८ चा. मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते, तेव्हाचा. बर्लिनमध्ये तिला सुरुवातीला तळघरातल्या जुन्या सुतारखोलीत काम करावे लागले. ज्यू वंशाची म्हणून १९३८ मध्ये जर्मनी सोडून पळावे लागले. त्याच डिसेंबरात स्वीडनमध्ये भाचा ओटो फ्रिश याच्याबरोबर बर्फातून चालताना ती एका ओंडक्यावर टेकली आणि कागदाच्या कपट्यांवर आकडे मांडू लागली. बर्लिनचा जुना सहकारी ओटो हान याने पत्राने कळवले होते, की युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले तर बेरियम सापडतो. म्हणजे अणू फुटला! मग एवढी ऊर्जा आली कुठून? दोन तुकड्यांचे वजन मूळ अणूपेक्षा प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाने कमी भरत होते. ती तूट प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणली, आणि हिशेब चोख बसला.

आपल्या तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, ते याच फुटण्यावर. बाँबच्या कामाचे बोलावणे लिझेने साफ नाकारले होते. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हानला मिळाले. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला ‘माइटनेरियम’ हे तिचे नाव लागले १९९७ साली, ती गेल्यावर एकोणतीस वर्षांनी.