फवाऱ्याचे रंगकाम

घराला रंग देणारा रंगारी पूर्वी एक कुंचा, एक बादली आणि एक शिडी घेऊन येई. आजही असे पुष्कळ रंगारी आहेत. पण मोठ्या इमारतींच्या कामावर आता आणखी एक वस्तू दिसते. तिला ही मंडळी 'स्प्रे मशीन' म्हणतात. एक माणूस हातात गन धरून उभा असतो. त्याने चाप दाबला की रंगाचे धुके उडते आणि पाहता पाहता भिंत रंगून निघते.

"मास्तर, हे मशीन घेतलं की काम चौपट!" असे तरुण रंगारी आम्हांला सांगतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण यंत्राने काम जसे लवकर होते, तशी चूकही लवकर होते. म्हणून हे यंत्र कसे चालते, हात कसा फिरवावा आणि आपला जीव कसा सांभाळावा, या तीन गोष्टी आपण नीट समजून घेऊ.

यंत्रे कोणकोणती?

द्राक्षाच्या बागेत औषधाची फवारणी तुम्ही पाहिली असेल. पातळ पदार्थाचे बारीक बारीक थेंब करून ते उडवायचे, हीच युक्ती येथेही आहे. अमेरिकेतील टोलेडो गावी डॉ. ॲलन डीव्हिलबिस नावाचे एक वैद्य होते. रोग्याच्या घशात औषध उडवण्यासाठी त्यांनी एक लहान फवारा तयार केला. पुढे १९०७ साली त्यांच्या मुलाने त्याच युक्तीवरून रंगाची गन बनवली. घशाचे औषध उडवणारी युक्ती अशी रंगाच्या कामी आली!

आज मुख्यतः तीन प्रकारची यंत्रे वापरतात.

पहिला प्रकार कॉम्प्रेसरच्या गनचा. कॉम्प्रेसर हवा दाबून भरतो. ती हवा पाइपातून गनमध्ये येते आणि रंगाचे थेंब करते. गनच्या खाली किंवा वर रंगाचा डबा असतो. काम गुळगुळीत होते, पण पुष्कळ रंग हवेत उडून वाया जातो.

दुसऱ्या प्रकारात हवा भरपूर असते, पण दाब कमी असतो. गनच्या तोंडाशी हवेचा दाब दर चौरस इंचाला १० पौंडांहून जास्त नसतो. त्यामुळे रंग कमी उडतो. दारे, कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या अशा कामाला ही गन चांगली.

तिसरे यंत्र 'एअरलेस', म्हणजे बिनहवेचे. यात पंप रंगालाच दाबतो आणि बारीक छिद्रातून तो बाहेर फेकतो. हा दाब दर चौरस इंचाला ३००० पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पौंडांची हवा असते. म्हणजे हा दाब त्याच्या शंभरपट झाला! मोठ्या भिंती, छते आणि नव्या इमारती यांसाठी हे यंत्र वापरतात.

टिपेवरचा आकडा वाचा

एअरलेस गनच्या तोंडाशी एक लहान टिप बसवतात. तिच्यावर तीन आकडे कोरलेले असतात. समजा, ते ५१७ आहेत. हे पाचशे सतरा असे वाचायचे नाही. पहिला आकडा ५. त्याची दुप्पट करा. १० आले. म्हणजे गन भिंतीपासून १२ इंचांवर धरली, तर रंगाचा पट्टा सुमारे १० इंच रुंद पडेल. उरलेले आकडे १७. म्हणजे छिद्र इंचाच्या हजार भागांपैकी १७ भागांएवढे आहे.

आता ३११ ही टिप घ्या. पट्टा ६ इंचांचा आणि छिद्र ११ भागांचे. दारांच्या तेलरंगाला अशी बारीक टिप लागते. भिंतीच्या घट्ट रंगाला ५१७ सारखी मोठी लागते. टिपेवर हे आकडे इंग्रजी असतात, तेही ओळखायला शिकावे. टिप झिजली की छिद्र मोठे होते, पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त खर्च होतो. अशी टिप वेळेवर बदलावी.

आधी तयारी, मग फवारा

फवारा खड्डा बुजवत नाही आणि सुटलेला जुना पापुद्राही चिकटवत नाही. भिंत खरवडणे, लांबी भरणे, पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे आणि प्रायमर लावणे ही कामे हातानेच करायची. दारे, फरशी, दिव्यांची बटणे कागदाने व चिकटपट्टीने झाकून घ्यायची. झाकण्याला कंटाळला त्याला पुसण्याचे काम दुप्पट पडते.

रंग गाळून घ्यावा. एक लहानशी गाठ टिप बंद पाडते. रंगात पाणी किंवा थिनर किती घालावे, ते डब्यावर लिहिलेले असते. तेवढेच घालावे. अंदाजाने ओतू नये.

हात कसा फिरवावा?

आधी जुन्या फळीवर किंवा कागदावर फवारा मारून पाहा. पट्टा सगळीकडे सारखा पडतो का? पडत असेल तर भिंतीकडे वळा.

हवेची गन भिंतीपासून ६ ते ८ इंच दूर धरावी. एअरलेस गन १२ इंच दूर धरावी. गन भिंतीसमोर सरळ असावी. मनगट वळवून झाडू मारल्यासारखा हात फिरवला, तर मध्ये रंग जाड बसतो आणि कडांना विरळ. म्हणून सबंध हात सरळ रेषेत न्यावा.

हात आधी चालू करावा, मग चाप दाबावा. पट्टा संपत आला की चाप सोडावा आणि मग हात थांबवावा. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. कोपरे आधी करून घ्यावेत.

गन फार जवळ आली किंवा हात रेंगाळला, की ओघळ येतात. गन फार दूर गेली, तर रंग वाटेतच सुकतो आणि भिंत खरखरीत होते. रंग फार घट्ट राहिला किंवा दाब कमी पडला, तर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. नव्या गिलाव्यावर फवारा मारल्याबरोबर ओल्या रंगावरून रोलर फिरवला, तर रंग आत चांगला धरतो.

जीव सांभाळा

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. एअरलेस गनचा फवारा जवळून बोटाला लागला, तर रंग कातडी भेदून आत घुसतो. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते. दुखतही नाही फारसे. माणूस म्हणतो, "काही नाही, जरा लागलं." पण आत रंग पसरत असतो. उशीर झाला तर बोट कापण्याची पाळी येते. तेव्हा हळद किंवा मलम लावून घरी बसू नये. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे. "जोराच्या दाबाने रंग आत गेला आहे," असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि रंगाचा डबा बरोबर न्यावा.

टिप तुंबली म्हणून तिच्यावर कधीही बोट ठेवू नका. टिप काढण्यापूर्वी मशीन बंद करा, दाब पूर्ण सोडा, चापाचा खटका लावा. जेवायला जातानाही हेच करा. गन कोणावर थट्टेनेही रोखू नका.

दुसरा धोका छातीला. रंगाचे धुके श्वासाबरोबर आत जाते. तोंडाला रुमाल बांधून थिनरची वाफ अडत नाही. त्यासाठी वाफ शोषणारी डबी आणि धुके गाळणारी जाळी असलेला मास्क लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि डबी वेळेवर बदलली पाहिजे. दोन डबे मिसळून करावयाच्या पॉलियुरेथेन रंगाने कायमचा दमा जडू शकतो. त्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर त्या रंगाचा फवारा मारूच नये. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा धंदा कर्करोगाला कारण होणाऱ्या धंद्यांत धरला. ही घाबरण्याची गोष्ट नव्हे, जपण्याची आहे.

तिसरा धोका आगीचा. थिनरची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकत दूर जाते. स्वयंपाकघरातली शेगडी, देवापुढचा दिवा, एखाद्याची विडी, एवढेही तिला पुरते. दिवे विझवा, खिडक्या उघडा, मगच काम सुरू करा.

जुन्या रंगात शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण भिंतीवरचा रंग त्याआधीचा असेल, तर तो कोरडा घासू नका. पाणी लावून घासा आणि मुलांना दूर ठेवा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

संध्याकाळची सफाई

काम संपले की यंत्र लगेच धुवावे. पाण्याच्या रंगाला पाणी आणि तेलरंगाला डब्यावर सांगितलेले थिनर वापरावे. उरलेले थिनर गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

शेवटी हिशेबाची एक गोष्ट. कामाचा अंदाज देताना रंगारी रंग, मजुरी, पेपर, लांबी सारे धरतो आणि मास्क तेवढा विसरतो. मग तो घेतलाच जात नाही. मास्क आणि त्याच्या डब्या अंदाजात पहिल्या ओळीत लिहा. ठेकेदाराच्या हाताखाली असाल तर त्याच्याकडे मागा. मागण्यात कमीपणा नाही. भिंतीला पाच-सात वर्षांनी पुन्हा नवा रंग देता येतो. छातीला तसा देता येत नाही.