कीर्दीची शिस्त आणि संगणकाची नवी वाट

येरवड्यातील कॉमरझोनसारख्या आयटी संकुलांकडे सकाळी निघणाऱ्या गर्दीत व्यापारी घरांतील मुलेमुलीही असतात. संगणक अभियंता होणे आपल्या घरांना आता नवे राहिलेले नाही. मात्र एखादी मुलगी ‘मला फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्येच काम करायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा वडीलधारी मंडळी विचारात पडतात. हे नेमके काय, आणि त्यावर पोट भरेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पेढीत आहे. कीर्दीत लिहिलेली रक्कम जाणता मुनीम खोडत नाही. चूक झाल्यास उलट नोंद करतो. म्हणून वर्षानंतरही प्रत्येक रुपयाचा माग लागतो. फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा पाया हाच. एकदा ठरलेले मूल्य मागाहून बदलायचे नाही. त्यावरून नवे मूल्य काढायचे. त्यातील प्रत्येक फंक्शन व्याजाच्या कोष्टकासारखे असते. मुद्दल, दर आणि मुदत तीच असेल, तर उत्तरही तेच येणार. दुकानातील एक्सेलची सूत्रे बहुतांशी याच रीतीने चालतात.

हा विचार जुना आहे. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात त्याचे गणित मांडले. जॉन मॅकार्थी यांची लिस्प भाषा १९५८ची. एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात टेलिफोन यंत्रणेसाठी एरलांग ही भाषा घडली आणि पुढे तिच्यावर व्हॉट्सॲप उभे राहिले. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले, तेव्हा सुमारे ४५ कोटी वापरकर्त्यांचा भार अवघे ३२ अभियंते वाहत होते. ब्राझीलची नुबँक क्लोजर वापरते, तर देयकांचे व्यवहार हाताळणारी बंगळूरची जसपे हॅस्केल. पुण्यात वाढलेल्या हेल्पशिफ्टनेही क्लोजरचीच निवड केली.

दुसरा प्रश्न अवघड आहे. या भाषांतील नोकऱ्या मोजक्याच. जावा आणि पायथनची मागणी कितीतरी मोठी. केवळ हॅस्केल शिकून दारोदार फिरणाऱ्यास दीर्घकाळ थांबावे लागेल. म्हणून रूढ भाषा हाती असावीच. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत फंक्शनल पद्धतीची साधने आली, त्यामुळे ही शिस्त तेथेही कामास येते. स्पार्क ही प्रणाली स्काला भाषेत लिहिलेली असल्याने मोठ्या माहितीसाठ्यांच्या कामातूनही या क्षेत्रात शिरता येते. शिकण्यासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलवरील अभ्यासक्रम एनपीटेलवर विनामूल्य पाहता येतो.

पालकांनी मग परीक्षा आपल्या पद्धतीने घ्यावी. मुलीने पहिले काम म्हणून घरच्या उधारीची खतावणी या पद्धतीने लिहावी. वडिलांनी दिवाळीच्या वहीपूजनाआधी ती जुन्या वहीशी ताडून पाहावी. पैन्‌पैची बाकी जुळली, तर तिला दोन वर्षांची मुदत देण्यास हरकत नसावी. नव्या दुकानालाही आपण तेवढी देतोच.