रँडल चक्र : साखर आणि मेदाम्लांची चढाओढ

ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फिलिप रँडल (1926–2006) यांनी केंब्रिज, ब्रिस्टल आणि ऑक्सफर्ड येथे संशोधन केले. गारलँड, हेल्स आणि न्यूजहोम यांच्यासह 1963 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ‘ग्लुकोज-मेदाम्ल चक्र’ मांडले. मधुमेहाचा विचार तोवर मुख्यतः साखरेभोवती फिरत असे; या निबंधाने मेदाला त्यात बरोबरीचे स्थान दिले, हे त्याचे खरे मोल.

उंदराचे हृदय शरीराबाहेर धडधडते ठेवून त्यातून ग्लुकोजयुक्त द्राव वाहू दिला, की पेशी ग्लुकोज वापरतात. द्रावात मेदाम्ले मिसळताच हा वापर घटतो. मेदाम्लांच्या ज्वलनातून साचणारे ॲसिटिल-कोएन्झाइम ए हे पायरुवेट डिहायड्रोजिनेज या विकराला रोखते, तर सायट्रेट त्याआधीच्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेजला. परिणामी ग्लुकोज-6-फॉस्फेट तुंबते आणि नवे ग्लुकोज आत घेणे मंदावते. पुढे ब्रिस्टलमध्ये रँडल यांच्या गटाने पायरुवेट डिहायड्रोजिनेजच्या नियंत्रणाचा बारकाईने अभ्यास केला.

1990 च्या दशकात मानवी स्नायूंवर झालेल्या चुंबकीय अनुनाद चाचण्यांत मात्र मेदाम्ले वाढल्यावर ग्लुकोज-6-फॉस्फेट घटलेले आढळले. म्हणजे अडथळा बराच आधी, ग्लुकोज पेशीत शिरतानाच येतो. इन्सुलिनरोधाच्या, म्हणजे इन्सुलिनला पेशींनी नीट प्रतिसाद न देण्याच्या, संशोधनाचा रोख त्यामुळे पेशीत साचणाऱ्या मेदघटकांकडे वळला.