चाळिशीतला षड्ज

हे उदाहरण तुम्ही सोडवले असेल. दोन नादकाट्यांच्या कंप्रता २५६ व २६० आहेत. ते एकाच वेळी वाजवले तर दर सेकंदाला किती विस्पंद ऐकू येतील? वजाबाकी करायची, उत्तर ४. (कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या, आणि विस्पंद म्हणजे दोन जवळजवळचे स्वर एकत्र वाजताना आवाजात येणारे चढउतार.) मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. हे उदाहरण मी सोळा वर्षे फळ्यावर सोडवत आलो. पण खरे सांगायचे तर विस्पंद मी कानांनी ओळखला तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही प्रयोगशाळेत नव्हे. गाण्याच्या क्लासात, सतरंजीवर मांडी घालून बसलेला असताना.

क्लासात माझ्याखेरीज दहाबारा विद्यार्थी होते. त्यांतला सर्वांत मोठा आठवीतला. बाई तंबोरा छेडत आणि एकेकाला ‘सा’ लावायला सांगत. मुले लावत. माझी पाळी आली की शेजारी बसणारी तिसरीतली मुलगी हळूच म्हणे, ‘‘काका, तुम्ही खाली आहात.’’ कशाच्या खाली, ते मला कळत नसे. मला दोन्ही आवाज सारखेच वाटत. तिला मात्र फरक स्वच्छ ऐकू येत होता. पहिल्या महिन्यात क्लास सोडून द्यायचे मी दोनदा ठरवले. ‘आता या वयात?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारला नव्हता. तो माझा मीच विचारत होतो.

शेवटी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असे करायचे ठरवले. माझा कान खरोखरच म्हातारा झाला आहे का, ते आधी तपासू या.

कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यातल्या पडद्यावर कोणता स्वर कुठे उमटतो, ते गेओर्ग फॉन बेकेशी यांनी शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. उंच स्वर नळीच्या तोंडाशी उमटतात, खालचे स्वर आत टोकाकडे. वय वाढते तशा तोंडाजवळच्या नाजूक पेशी आधी निकामी होतात. म्हणून लहानपणी सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकणारा माणूस पुढे तेवढा उंच आवाज ऐकू शकत नाही. पण संगीताला तेवढ्या उंचीची गरज कुठे आहे? पियानोची अगदी शेवटची पट्टी ४,१८६ कंपनांची असते, आणि माणसाचे गाणे त्याच्याही पुष्कळ खाली चालते. म्हणजे कानाचे निमित्त पुढे करण्यात अर्थ नव्हता.

मग अडत होते कुठे? क्रिस्तोफ मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. दहा वर्षांहून अधिक काळ संगीताची तालीम घेतलेली माणसे आणि संगीत अजिबात न शिकलेली माणसे त्यांनी निवडली, आणि दोन स्वरांमधला किती बारीक फरक कोणाला ओळखता येतो ते मोजले. न शिकलेल्यांना कळण्यासाठी फरक सुमारे सहापट मोठा असावा लागत होता. इथपर्यंत नवल काहीच नाही. पण मग त्यांनी न शिकलेल्यांना फक्त या एकाच गोष्टीचा सराव दिला. चार ते आठ तासांच्या सरावानंतर ती माणसे वादकांच्या बरोबरीला आली. चार ते आठ वर्षे नव्हेत, तास! अर्थात ती गाऊ लागली असे नाही. त्यांना फरक ऐकू येऊ लागला, एवढेच. पण माझे घोडे नेमके तिथेच अडले होते.

बाईंना हा प्रयोग ठाऊक नव्हता. तरी त्यांनी जे केले ते त्याच जातीचे होते. ‘‘सर, तुम्ही महिनाभर गाऊ नका. तंबोरा लावा,’’ त्या म्हणाल्या.

तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या (यांना जोड म्हणतात), आणि शेवटची जाड पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. हिशेबाला सोपे जावे म्हणून जोडाची कंप्रता १४० धरू. एक तार १४० वर आहे आणि दुसरी १४२ वर, अशा दोन्ही एकामागून एक छेडल्या असत्या तर त्या वेळी मला फरक कळला नसता. पण त्या एकदमच वाजू लागल्या की आवाज सेकंदाला दोन वेळा फुगतो आणि बसतो, वाँव्-वाँव् असा. हेच माझे फळ्यावरचे विस्पंद! खुंटी किंचित पिळली की लाट मंद होते, सेकंदाला एक. मग तारेवरचा मणी केसभर सरकवायचा. दोन सेकंदांना एक. आणखी केसभर, आणि लाट लांबत लांबत नाहीशी होते. दोन तारांचा एकच आवाज होतो. जो फरक ‘उंची’ म्हणून कळत नाही, तो ‘वेळ’ म्हणून मोजता येतो. माझ्यासारख्या गणिती डोक्याच्या प्रौढाला यापेक्षा सोयीचे दार कोणते?

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. तंबोरा नसेल तर दोन मोबाईलवर स्वर निर्माण करणारे ॲप उघडा. एकावर २२०, दुसऱ्यावर २२२ ठेवा आणि दोन्ही जवळजवळ ठेवून ऐका. मग २२१ करा. घड्याळ हाताशी असू द्या.

दुसऱ्या महिन्यात गंधाराची पाळी आली. मी पेटीशी, म्हणजे हार्मोनियमशी, गळा जुळवू लागलो, तर बाईंनी पेटीचा भाता बंद केला. ‘‘गंधार पेटीवर शोधू नका.’’ मला हा हट्ट वाटला. घरी येऊन आकडेमोड केली. षड्ज १४० असेल तर त्याच्याशी पूर्ण जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे १७५. पेटीवर मात्र सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार येतो १७६.४. फरक दीडच्याही आत! पण प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही वाजत असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर ७००; पेटीच्या गंधाराचा चौथा सुमारे ७०५.६. म्हणजे सेकंदाला पाचसहा विस्पंद. ही थरथर एकदा कानात शिरली की पुन्हा बाहेर काढता येत नाही. पंचमाचे तसे नाही. तिथे दोन सेकंदांना जेमतेम एक विस्पंद पडतो, म्हणून पेटीचा पंचम खपून जातो.

ही कुरकुर जुनीच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर होते, पण नाद होता तो स्वरमापनाचा. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे स्वर तारेवर मोजून त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे श्रुती वाजवणारी खास पेटीही तयार झाली, पण ती रुळली नाही. १९४० साली तर नभोवाणीने पेटीला दारच बंद केले. ते १९७१ मध्ये किलकिले झाले. माझे मत विचाराल तर पेटीचा एवढा राग करू नये. साथीला ती गोड लागते. मात्र पहिला गंधार तिच्याकडून शिकू नये.

मग तो शिकायचा कोणाकडून? तंबोऱ्याकडून! आता तुम्ही म्हणाल, तंबोऱ्यावर गंधाराची तार कुठे आहे? नाहीच. खर्जाची कंप्रता ७०. तिचे उपस्वर १४०, २१०, २८०, ३५०. यांतला ३५० हा आपल्या १७५च्या दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. तो कोणी छेडत नाही, आपोआप उमटतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. इतर वाद्यांतही उपस्वर असतात, पण तंबोऱ्यात ते उठून दिसतात, याचे श्रेय घोडीला. तिचा माथा रुंद आणि किंचित बाकदार असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये जवारीचा दोरा सरकवलेला असतो. कंप पावणारी तार त्या माथ्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालच्या एका निबंधात दाखवले, की साध्या तारेच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर मुळीच वाजू नयेत, तेही अशा घोडीमुळे वाजतात. दोरा सुताएवढा हलवला तरी सारा झंकार बदलतो. मिरजेचे कारागीर घोडी कानसेने घासून हा माथा हातानेच साधतात.

तरीही लहानपणी शिकण्याला पर्याय नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. १९९५ साली जर्मनीत थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या मेंदूची पाहणी केली. डाव्या हाताच्या बोटांसाठी राखलेला मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा होता, आणि जितक्या लहान वयात सुरुवात, तितका तो अधिक मोठा. कोणताही आधार नसताना ऐकताक्षणीच स्वर ओळखण्याची शक्तीही बहुतेक लहानपणी शिकू लागलेल्यांतच आढळते. ते दार माझ्यासाठी बंद झाले आहे. बोटे अजून आडमुठी आहेत. आणि कान सुधारला म्हणून गळा लगेच ऐकतो असेही नाही. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आहे त्याहून भरदार वाटतो. मोबाईलवर स्वतःचा ‘सा’ टिपून ऐकला, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही.

गंधार ऐकू आला तो सातव्या महिन्यात, एका पावसाळी संध्याकाळी. जोड जुळला होता, खर्ज नुकता लागला होता. तार छेडली आणि ती मावळत असताना तिच्या पोटातून वर कुठेतरी एक बारीक, तकतकीत स्वर बाहेर आला. मी पुन्हा छेडली. पुन्हा आला. तिसऱ्यांदा छेडताना हात थरथरत होता. शेजारी ती तिसरीतली, आता चौथीत गेलेली, अलंकार घोकत बसली होती. तिला मी म्हटले, ‘‘ऐक, ऐक! गंधार येतोय!’’

तिने क्षणभर कान दिला आणि माझ्याकडे जरा नवलाने पाहिले.

‘‘तो तर रोजच येतो, काका.’’